काहिलीपासून सौद्यापर्यंत : शाहूपुरी आणि निर्णयाचा वेग

#धागा #कोल्हापूर #गूळ

कोल्हापूरच्या रेल्वे स्थानकातून बाहेर पडून जुन्या शहराकडे निघाले की जयंती नाला ओलांडण्यापूर्वीच शाहूपुरी लागते. जुन्या कोल्हापुरातील पेठा वारांच्या नावाने ओळखल्या जातात : शुक्रवार, शनिवार, मंगळवार, बुधवार. तिथले रस्ते वळणावळणाचे, एकमेकांत शिरणारे आणि देवळा-तालमींना वळसा घालून जाणारे. शाहूपुरीत मात्र अनेक गल्ल्यांना नावाऐवजी क्रमांकच आहेत. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली. पत्ता सांगताना आजही कोल्हापूरकर हेच आकडे सांगतात.

ही पेठ १८९५ मध्ये वसली. ती वसवणारे छत्रपती शाहू महाराज त्या वेळी जेमतेम एकवीस वर्षांचे होते. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली आणि पुढच्याच वर्षी गुळाच्या व्यापारासाठी स्वतंत्र पेठ उभी राहिली. शाहू महाराजांचे नाव निघाले की आरक्षण, वसतिगृहे, वेदोक्त प्रकरण आणि कुस्ती यांची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. परंतु राज्यकर्ता म्हणून त्यांच्या कारकिर्दीच्या अगदी प्रारंभी जी कामे झाली, त्यांत ही बाजारपेठ आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही.

आजच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत एखादे उत्पादन घडवणाऱ्या गटाला ‘प्रॉडक्ट टीम’ म्हणतात. या गटांची जगभर एकच तक्रार ऐकू येते : निर्णय लवकर होत नाहीत. बैठकीतून बैठक निघते, प्रत्येकाचे मत घेतले जाते, आणि अखेर ठरवायचे कोणी हेच ठरत नाही. त्यावर उपाय सुचवणाऱ्या पुस्तकांचा आणि सल्लागारांचा आता वेगळा व्यवसाय झाला आहे. कोल्हापूरच्या गुळाच्या धंद्याने हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी फार निकडीने अनुभवला होता. तिथे उशीर झाला की माल खराब होई. त्या धंद्याने निर्णयाला वेग कसा आणला, आणि त्या वेगाची किंमत कोणी मोजली, हा या धाग्याचा विषय आहे.

आधी गूळ समजून घेऊ.

ऊस तोडला की त्याच क्षणापासून त्याचा ऱ्हास सुरू होतो. रसातील साखरेचे विघटन होऊ लागते आणि दिवसागणिक उतारा घटतो. म्हणून तोडलेला ऊस शक्य तितक्या लवकर गुऱ्हाळावर पोहोचवावा लागतो. गाळलेला रस तर त्याहून अधीर असतो. तो काही तासांत आंबतो. रस काहिलीत पडला की चुलवाण पेटते ठेवावे लागते. तयार झालेला गूळही निश्चिंत बसू देत नाही, कारण तो हवेतील ओल ओढून घेतो. पावसाळ्यात त्याला पाणी सुटते, रंग काळवंडतो, चव उतरते. तेव्हा उसाच्या पहिल्या कोयत्यापासून शेवटच्या ग्राहकापर्यंत या पदार्थाच्या मागे सतत घड्याळ लागलेले असते.

गुऱ्हाळावरचे सर्वांत कठीण काम गुळव्याचे. काहिलीत रस उकळू लागला की त्यात रानभेंडीच्या खोडाचे बुळबुळीत पाणी घालतात. त्यामुळे रसातील गाळ वर तरंगतो आणि मळीच्या रूपाने काढून टाकता येतो. चुन्याने रसाची आम्लता कमी होते. पुढे रस आटत जातो, बुडबुड्यांचा आकार बदलतो, रंग पालटतो, वास बदलतो. शेवटच्या काही मिनिटांत पाक सुमारे ११८ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचतो. यापूर्वी काहील उतरवली तर गूळ घट्ट बसत नाही. थोडा उशीर झाला तर पाक करपतो, गूळ काळा पडतो आणि दिवसभराच्या श्रमांवर पाणी पडते.

गुळव्याकडे तापमापक नसे. तो पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकी आणि बोटांनी त्याची गोळी होते का ते पाही. गोळी जमली की तो सांगे आणि माणसे त्या क्षणी काहील उतरवून पाक वाफ्यात ओतत.

इथे थोडे थांबायला हवे. गुऱ्हाळ म्हणजे एक गट होता. चरकात ऊस लावणारा, बैल हाकणारा, चुलवाणात जळण घालणारा, चिपाड वाळवणारा, मळी काढणारा अशी अनेक माणसे तिथे एका वेळी राबत. ऊस मात्र शेतकऱ्याचा, आणि नफा-तोटाही त्याचाच. तरीही काहील उतरवण्याचा निर्णय मालक घेत नसे. ज्याच्या बोटांना ती गोळी कळते, त्याचाच शब्द अखेरचा असे. त्या घटकेला कोणी त्याच्याशी वाद घालत नसे, कारण वाद संपेपर्यंत पाक करपला असता. वाद व्हायचे ते आधी होत : कोणता ऊस आधी गाळायचा, कोणत्या गुळव्याला बोलवायचे, त्याला मजुरी किती द्यायची. एकदा काहील चढली की अधिकाराचा प्रश्न मिटलेला असे. निर्णय जलद व्हावा यासाठी गुऱ्हाळाने केलेली व्यवस्था एवढीच होती, आणि ती पुरेशी होती.

गूळ गुऱ्हाळावरून बाहेर पडला की मात्र गोष्ट बदलते.

काहिलीपाशी प्रश्न एकच होता आणि उत्तर पाकातच दडलेले होते. बाजारात प्रश्न किमतीचा असे. तिथे शेतकऱ्याचे आणि घेणाऱ्याचे हित परस्परविरोधी, मालाची प्रत डोळ्यांनी आणि जिभेने ठरवायची, वजनाबद्दल संशय, पैसे कधी मिळणार याबद्दल अनिश्चितता. असा निर्णय जलद करणे फार अवघड. त्यासाठी आधी सर्व पक्ष एका जागी यावे लागतात. १८९५ पूर्वी अडचण नेमकी तिथेच होती.

१८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्ग सुरू झाला. कोल्हापूर हे त्या मार्गाचे शेवटचे स्थानक. पुढे घाट, पलीकडे कोकण. रेल्वेमुळे पंचगंगेच्या खोऱ्यातील गूळ पुण्या-मुंबईकडे आणि तिथून गुजरातेकडे जाण्याची वाट सोपी झाली. गुजरात हा कोल्हापुरी गुळाचा फार मोठा ग्राहक. तिकडच्या स्वयंपाकात, मिठाईत आणि हिवाळ्याच्या खाण्यात पिवळ्या, स्वच्छ गुळाला मान आहे. मागणी होती, गाडी होती, माल होता. परंतु जुन्या शहरातील अरुंद पेठांत गुळाच्या बैलगाड्या उभ्या करायला जागा नव्हती, आणि स्थानक शहराबाहेर होते.

नवी पेठ स्थानक आणि शहर यांच्यामध्ये आखली गेली. बाहेरून येणाऱ्या व्यापाऱ्यांना जागा आणि सवलती देऊन तिथे वसवण्यात आले. सरळ गल्ल्या म्हणजे गाड्यांना ये-जा करायला वाट. दुकानापुढे मोकळी जागा म्हणजे रवे रचून ठेवायला सोय. स्थानक जवळ म्हणजे सौदा झाला की माल थेट डब्यात. (कोल्हापूरच्या बाजारात गुळाच्या ढेपेला रवा म्हणतात, शिऱ्याच्या रव्याशी त्याचा संबंध नाही.) शिवाय रेल्वेमार्गाबरोबर तारही येते, आणि तारेमुळे दूरच्या बाजाराचा भाव त्याच दिवशी कळू लागतो. ही सारी सोय एकत्र आली तेव्हा जो सौदा पूर्वी गावोगाव फिरणाऱ्या व्यापाऱ्याच्या मर्जीवर दिवसेंदिवस रेंगाळे, तो एका सकाळीत उरकणे शक्य झाले. शाहू महाराजांनी पुढे १९१७ मध्ये वडिलांच्या नावाने जयसिंगपूर वसवले, तेव्हाही रेल्वेलगतची जागा आणि आखीव, क्रमांकांच्या गल्ल्या हीच रीत पुन्हा दिसते. एकदा साधलेला प्रयोग त्यांनी पुन्हा केला, असेच म्हणावे लागते.

संस्थानिकाने बाजारपेठ वसवणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट नव्हती. महत्त्वाचे हे की पेठ वसवून राज्याने भावाचा निर्णय स्वतःकडे घेतला नाही. तो निर्णय जिथे होईल अशी जागा तेवढी दिली. पुढचे अडत्यांवर सोपवले.

आणि अडत्यांनी तो निर्णय खरोखरच जलद केला. कसा, ते मात्र पाहण्यासारखे आहे.

शेतकरी आपला गूळ अडत्याच्या दुकानात उतरवी. अडत्या तो खरेदीदार व्यापाऱ्याला विके आणि विक्रीवर आपली अडत घेई. म्हणजे अडत्या हा शेतकऱ्याचा प्रतिनिधी. परंतु शेतकरी वर्षातून काही वेळा येणार, आणि व्यापारी रोज समोर असणार. प्रतिनिधीचा ओढा कुठे असेल, हे सांगण्यासाठी इतिहासकाराची गरज नाही.

त्यातच देशभरच्या शेतमालाच्या बाजारांत एक रीत रूढ होती. तिला हत्ता पद्धत म्हणत. अडत्या आणि खरेदीदार हात मिळवत, त्यावर रुमाल किंवा धोतराचा सोगा टाकत, आणि झाकलेल्या हाताखाली बोटांच्या खुणांनी भाव ठरवत. एक बोट धरले की एक, दोन धरली की दोन, पंजा धरला की पाच. आकडा रुपयांचा की आण्यांचा हे दोघांनाही ठाऊक. एक खरेदीदार झाला की दुसरा हात पुढे करी. कोणी काय भाव दिला, हे दुसऱ्या खरेदीदाराला कळत नसे. माल ज्याचा, त्या शेतकऱ्यालाही कळत नसे. तो शेजारी उभा राहून रुमाल हलताना पाही. मग अडत्या त्याला आकडा सांगे.

वेगाच्या दृष्टीने ही पद्धत विलक्षण होती. गोंगाट नाही, घासाघीस नाही, ढिगामागून ढीग भराभर उरकतो. आजही तिच्याबद्दल कौतुकाने लिहिणारे लोक भेटतात : पाहा, आपल्या पूर्वजांची सांकेतिक भाषा किती प्रगत होती! ती प्रगत होतीच. परंतु ती इतकी जलद का होती, याचे उत्तर त्या कौतुकात सापडत नाही. ज्याच्या पदरात निर्णयाचे फळ पडायचे, त्यालाच निर्णयाबाहेर ठेवल्यावर वेळ वाचणे स्वाभाविक आहे. शंका विचारायला जो उभा आहे, त्याला काही दिसतच नसेल तर तो विचारणार काय?

रुमालापेक्षाही बळकट असे एक झाकण होते : उचल. लागवडीसाठी, बैलासाठी, लग्नकार्यासाठी शेतकरी अडत्याकडून आगाऊ रक्कम घेई. त्या बदल्यात माल त्याच्याच दुकानी आणायचा, हे गृहीत. अशा शेतकऱ्याचा सौदा सर्वांत लवकर होई, कारण त्याला नाही म्हणण्याची सोय उरलेली नसे. पावसाळा तोंडावर आला असेल तर बोलायलाच नको. ओल धरलेला गूळ परत नेऊन करायचे काय? बैलगाडीचे भाडे अंगावर, गावी ठेवायला कोरडी जागा नाही.

सौदा झाल्यावर कपाती सुरू होत. अडत, हमाली, तोलाई ही नावे तरी कामाची होती. त्यांच्या पाठोपाठ कडता येई, म्हणजे वजनातून परस्पर केलेली वजावट. मग धर्मादाय. शिवाय मणाचा घोळ. मुंबई इलाख्याचा मण सुमारे २८ पौंडांचा, बंगाली मण ८२ पौंडांहून अधिक, आणि स्थानिक मण जागोजागी निराळे. भाव मणाला सांगितला तरी मण कोणता हे विचारावे लागे. हाती पडणाऱ्या पट्टीवरचा शेवटचा आकडा आणि शेतकऱ्याने मनाशी बांधलेला आकडा यांत जे अंतर पडे, त्याची ओळ पट्टीवर कुठेच नसे.

याच काळात जगात इतरत्र काय चालले होते, ते पाहिल्यास शाहूपुरीची गोष्ट अधिक स्पष्ट होते.

अमेरिकेत शिकागोच्या धान्य व्यापाऱ्यांनी १८४८ मध्ये आपले मंडळ स्थापले आणि १८५६ च्या सुमारास गव्हाच्या प्रती ठरवल्या. गव्हाला प्रतीचे नाव मिळाल्यावर प्रत्येक पोते उघडून पाहण्याचे कारण उरले नाही; न पाहिलेला गहूही क्षणात विकता येऊ लागला. गुळाच्या बाबतीत ही वाट फारशी चालली नाही. सरकारने १९३७ मध्ये शेतमालाच्या प्रतवारीचा कायदा केला, त्यातूनच पुढे ॲगमार्कची खूण रूढ झाली; पण गुळाचा रंग, कण, कठीणपणा आणि चव रव्यागणिक बदलतात. एकाच शेतातील, एकाच गुळव्याच्या दोन काहिली सारख्या निघत नाहीत. म्हणून गुळाच्या बाजारात आजही माणूस ढिगापुढे उभा राहतो, रव्याचा तुकडा काढतो, रंग पाहतो आणि जिभेवर ठेवतो.

नेदरलँड्समध्ये ब्रूक ऑप लांगेडाइक या गावी १८८७ मध्ये भाजीपाल्याचा लिलाव सुरू झाला. शाहूपुरीच्या अवघी आठ वर्षे आधी. तिथे पुढे घड्याळासारखी तबकडी आली : भाव वरून खाली उतरत जातो, आणि जो खरेदीदार पहिली कळ दाबेल त्याचा माल. एकेक सौदा काही सेकंदांत. वेग शाहूपुरीपेक्षा कितीतरी अधिक. पण तबकडी सगळ्यांसमोर भिंतीवर. शिवाय ते लिलाव पिकवणाऱ्यांच्याच सहकारी संस्थांच्या मालकीचे झाले. वेग वाढवायचा तर व्यवहार झाकावाच लागतो, हे त्या तबकडीने खोटे ठरवले.

आपल्याकडे वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये कापसासाठी पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. त्यामागे शेतकऱ्याच्या कळवळ्यापेक्षा इंग्लंडच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस पुरवण्याची निकड अधिक होती, हे नमूद करायला हवे. हेतू कोणताही असो. बाजाराला नियम असावेत, तोलाई आणि अडत ठरलेली असावी, ही कल्पना महाराष्ट्राच्या भूमीवर तेव्हाच रुजली.

१९२६ मध्ये नेमलेल्या आणि १९२८ मध्ये अहवाल देणाऱ्या शेतीविषयक शाही आयोगाने अशा नियंत्रित बाजारांची शिफारस केली. मुंबई प्रांतात १९३९ मध्ये शेतमाल बाजाराचा कायदा झाला. कोल्हापूर मात्र संस्थान. प्रांताचा कायदा तिथे आपोआप लागू होत नसे. कोल्हापुरात बाजार समिती स्थापन झाली ती १९४५ मध्ये, संस्थान मुंबई प्रांतात विलीन होण्याच्या चार वर्षे आधी. आणि तिच्या कारभाराच्या केंद्रस्थानी गूळच होता.

बाजार समितीने केलेला बदल सांगायला सोपा आहे, करायला तितकाच कठीण होता. रुमाल काढून टाकायचा. भाव मोठ्याने बोलायचा. खरेदीदारांचा घोळका ढिगापुढून ढिगापुढे सरकेल, समितीचा माणूस बरोबर असेल, बोली सगळ्यांच्या कानांवर पडेल, आणि ठरलेला भाव तिथेच कागदावर उतरेल. तोलणारा परवानाधारक असेल. कोणत्या नावाने किती कपात करायची, हे आधी ठरलेले असेल. पैसे लगोलग चुकते करायचे. महाराष्ट्र राज्याच्या १९६३ च्या बाजार समिती कायद्याने हीच चौकट राज्यभर एकसारखी केली. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि मण जाऊन क्विंटल आला, तेव्हा वजनावरचे निम्मे वाद तसेच मिटले.

उघड लिलावाने सौदे मंदावतील, अशी शंका घेणे साहजिक होते. सर्वांसमोर बोली लावायची म्हणजे चढाओढ, चढाओढ म्हणजे वेळ. प्रत्यक्षात सौद्याला वेळ लागतो तो बोलीमुळे क्वचितच. वेळ खाणारे वाद असतात ते निराळे : तोल बरोबर होता का, भाव मणाला की क्विंटलला, कपात कोणती, पैसे कधी. हे प्रश्न आधी सुटलेले असले की ढिगापुढे उभे राहिल्यावर एकच गोष्ट ठरवायची उरते. गुऱ्हाळावर गुळव्याची जी सोय होती, तीच बाजार समितीने नियमांच्या रूपाने सौद्यापुढे आणून ठेवली. अर्थात गुळव्यासारखा निःपक्ष पाक इथे नव्हता. खरेदीदार आपापसांत ठरवून बोली दाबू शकत, आणि उघड लिलावातही ते घडू शकते. त्यावर कायद्यापेक्षा खरेदीदारांची संख्या हाच खरा उतारा असतो.

नव्या व्यवस्थेत शेतकऱ्याच्या हाती आणखी एक गोष्ट आली, आणि या साऱ्या इतिहासात तीच सर्वांत मोलाची वाटते. भाव पटला नाही तर सौदा नाकारण्याचा हक्क. कागदावर तो सोपा दिसतो. पण नाही म्हणता यावे यासाठी माल ठेवायला कोरडे गोदाम लागते, घरखर्चाला पैसा लागतो, आणि उचलीचा फास सैल झालेला असावा लागतो. कोल्हापुरात सहकारी पतपुरवठा आणि शेतकऱ्यांचे सहकारी संघ यांनी तो फास काही अंशी सैल केला. साखर कारखाने आल्यावर तर उसाला दुसरे गिऱ्हाईकच मिळाले. गुळाला भाव नसेल तर ऊस कारखान्याला, हा पर्याय जेव्हा शेतकऱ्यासमोर उभा राहिला, तेव्हा गुळाच्या सौद्यात त्याच्या शब्दाला वजन आले. बाजाराच्या नियमांइतकेच हे श्रेय बाजाराबाहेरच्या पर्यायाचे आहे.

पुढे गुळाचा बाजार शाहूपुरीतून पूर्वेला मार्केट यार्डात गेला. त्या यार्डालाही शाहू महाराजांचेच नाव आहे. व्यापारी पेठ ही ओळख शाहूपुरीच्या पत्त्यात टिकून राहिली. गुळाच्या गाड्या मात्र तिथून हलल्या. बैलगाड्यांना पुरेल अशी आखलेली पेठ मालमोटारींना अपुरी पडली. जुन्या शहराच्या पेठांबद्दल १८९५ मध्ये जे म्हणता आले असते, तेच पुढे शाहूपुरीबद्दल म्हणता आले.

गुळाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघतात. त्या दिवशी भाव बहुधा चढा बोलला जातो, कारण मुहूर्त आहे, छायाचित्रे निघतात, पुढारी हजर असतात. जाणता शेतकरी त्या आकड्यावर हुरळून जात नाही. तो आठवडाभराने निघणाऱ्या भावाकडे डोळे लावून असतो. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्यासाठी अर्ज करणारी संस्था बाजार समितीच होती. तरीही कर्नाटकातील गूळ कोल्हापुरी नावाने विकला जातो, ही तक्रार दर हंगामात होते. २०१६ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ई-नाम ही संगणकीय बाजाराची व्यवस्था सुरू केली. तिच्यामुळे दूरचा खरेदीदारही बोली लावू शकतो. गुळासारख्या, चाखून घ्यायच्या मालाला ती कितपत मानवते, हा प्रश्न शिल्लक आहे. पडद्यावर रंग दिसतो, कण दिसत नाही, चव तर नाहीच.

आणि अधूनमधून कोल्हापूरच्या वृत्तपत्रांत एक बातमी हमखास झळकते : गुळाचे सौदे बंद पाडले. भाव कोसळलेला असतो. शेतकरी ढिगांपुढे उभे राहतात आणि बोली पुढे सरकू देत नाहीत. मग समितीचे पदाधिकारी धावत येतात, अडते, व्यापारी आणि शेतकरी यांची बैठक बसते, आरडाओरडा होतो, आणि एक-दोन दिवसांनी सौदे पुन्हा निघतात. बाजाराच्या दृष्टीने हा निव्वळ खोळंबा. वाहने अडकतात, हमाल रिकामे बसतात, गूळ ओल धरतो. व्यापारी म्हणतात की अशाने कोल्हापूरचा गिऱ्हाईक दुसऱ्या बाजाराकडे वळेल, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही.

पण रुमालाखाली हात मिळवले जात होते त्या काळात शेजारी उभा असलेल्या शेतकऱ्याला सौदा थांबवता आला नसता. काय थांबवायचे, हेच त्याला दिसत नव्हते. आज त्याला भाव ऐकू येतो, म्हणूनच तो ढिगापुढे आडवा उभा राहू शकतो. मार्केट यार्डात बोली दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होते तेव्हा घोळका त्याच ढिगापासून पुढे सरकतो, जिथे आदल्या दिवशी तो थांबला होता.